वाढत्या अंगाचा पाळणा

धावडा, ता. भोकरदन
९ जानेवारी २०२२

चि. आदिनाथ,

आशीर्वाद देतो, कारण आई समोर बसलीय अन् "दिला का, दिला का" म्हणून विचारून राह्यलीय.

आपल्या मीनाला मुलगी झाली. चार तारखेला, जालन्यात. दोघी खुशाल हायेत. तुला दाजींचा फोन आलाच असंल, पण थोरल्या भावानं कळवलं न्हाई असं नंतर तुझं नको.

आपलं बोलणं बंद हाय ते बंदच ऱ्हाणार. मीनाच्या लग्नात मी केलेल्या पाटावरून दाजी ऐन मंगलाष्टकात कलंडले, तो मांडवातल्या जमिनीचा दोष होता. तू दोनशे माणसांसमोर "दादाच्या पाटाचे चारी पाय चार गावचे" म्हणलास. ते मी विसरलो न्हाई. पण आईनं हुकूम काढलाय. पहिल्या लेकराचा पाळणा मामाचा. मामा दोन, म्हणून पाळणा दोघांनी मिळून करायचा. दोन्ही बाजूचे उभे पाय माझे. वरचा आडवा दांडा अन् त्याला टांगायचा झोका तुझा. दांड्याच्या दोन्ही टोकांना तासलेली कूस माझ्या पायातल्या खाचेत बराबर बसली पाहिजे. खिळा न्हाई, स्क्रू न्हाई. लोखंडाच्या भरवशावर लेकरू निजवायचं न्हाई, म्हणती.

अन् मामांच्या पाळण्यात लेकरू निजल्याबिगर त्याचं नाव ठेवायचं न्हाई. शेजारचा मागून आणलेला पाळणा बिलकुल चालणार न्हाई. बारसं पंधरा तारखेला धरलंय. काम एका दिवसाचं हाय.

फोन म्हणजे बोलणं. व्हॉट्सॲप म्हणजे पण बोलणं, कारण तिथं तू नुसता अंगठा दाखवतोस. हातानं कागदावर लिहिलेलं बोलण्यात धरायचं न्हाई, असं आईनंच ठरवून दिलं. आपल्या गावच्या पुंजारामचा मिरचीचा ट्रक शहागडवरून जातो, त्याच्यासंगं चिठ्ठी अन् सामान देत जाऊ.

मी यंदा नवीन जालन्यातून राऊटर घेतलाय. लाकडात खाच पाडायची मशीन. व्हिडिओ बघून सगळं येतं. तू काळजी करू न्हको.

बद्रीनाथ


शहागड
११ जानेवारी २०२२

ती. दादा,

पाया पडतो. कागदावरच.

तुमच्याकडं राऊटर आल्याचं वाचलं अन् मला लेकराचीच काळजी लागली. मी वीस वर्षं हायवेला ट्रकच्या बॉड्या बांधून राह्यलो. माझ्या बॉडीत दहा टन माल चढतो अन् एक सांधा बोलत न्हाई. व्हिडिओ बघून पोहायला उतरलेले लई जण गोदावरीनं बघितलेत.

दांडा सोबत पाठवतो. लाकूड जुन्या ट्रकच्या फाळक्याचं हाय, पक्कं वाळलेलं. त्यावर 'सावकाश' असं रंगवलेलं दिसंल, ते नंतर सँडरनं घासून काढीन. कूस सहा सूत, म्हणजे पाऊण इंच जाड हाय. तुमची खाच सहा सूत ठेवा. सात न्हाई, पाच न्हाई.

मीनानं लेकराच्या उंचीचा दोरा पाठवला. दीड फूट अन् वर दोन बोटं भरला. पण लेकराचं झबलं काय, शाळेचा ड्रेस काय, आपण वाढत्या अंगाचंच शिवतो. तसाच झोका धरला. वर एक हात सोडला.

आदिनाथ


धावडा
१७ जानेवारी २०२२

चि. आदिनाथ,

दांडा मिळाला. मिरचीच्या पोत्याखालून आल्ता. खाचेशी नेला अन् मी, आई अन् तुझी कौसल्या वहिनी तिघंबी शिंकून शिंकून बेजार झालो. शिंका थांबल्यावर कूस घालून बघितली. अर्धी गेली अन् अडकली. पुढं जाईना, मागं येईना. मंग पाय मी धरला अन् दांडा कौसल्यानं ओढला. निघाला तेव्हा कौसल्या दांड्यासकट गोठ्यापर्यंत गेली. आता ती पण माझ्याशी बोलत न्हाई.

कूस जाड झाली हाय. बारसं पुढं ढकललं. तासून जल्दी पाठव.

माझी खाच मी वाढवली न्हाई अन् वाढवणार न्हाई. फक्त आतून साफ केली. साफ करताना सूतभर लाकूड निघालं, ती घाण होती.

दोरा मला पण मिळाला होता. मी पण पाय वाढत्या अंगाचे धरलेत. वर एक हात.

बद्रीनाथ


शहागड
९ फेब्रुवारी २०२२

ती. दादा,

वहिनीला माझा नमस्कार सांगा. त्या सोसतात म्हणून चाललंय.

दांडा परत पाठवतो. कूस मी तासली न्हाई. तासली म्हणजे चूक माझी झाली असं व्हईल. फक्त ऐंशी नंबरचा कागद लावून सँडर फिरवला, लेकराला कुसळ लागू नये म्हणून. त्यात सूतभर लाकूड आपल्या मनानं गेलं. 'सावकाश' मधला 'सा' पण गेला.

आता न्हाई बसलं तर तुमची खाच वाकडी हाय असं समजा.

आदिनाथ


धावडा
६ मार्च २०२२

चि. आदिनाथ,

कूस आता खाचेत इतकी सैल बसती की बाजूनं उंदीर जाईल. आईनं बघायला दांड्याला साडीचा झोका टांगला अन् त्यात दहा किलो ज्वारी ठेवली. दांडा एकदा डावीकडं गेला, एकदा उजवीकडं गेला अन् मंग खाली आला. ज्वारी अजून वेचून राह्यलो.

आई म्हणती, ज्वारीच्या जागी लेकरू असतं तर? मला त्या रात्री जेवण गेलं न्हाई. म्हणून सांगतो, हा सांधा बराबर बसल्याबिगर मी मीनाच्या लेकराला त्याच्याखाली निजू देणार न्हाई, मंग कितीबी दिवस लागू दे.

दांडा पाठवतो. तुझ्याकडचं तू बघ. मी खाचेत आतून पट्टी-बिट्टी लावली न्हाई. एखादी दिसली तर ती सजावट हाय.

बद्रीनाथ


नवीन जालना
२१ ऑगस्ट २०२२

प्रिय दादा आणि आदीभाऊ,

दोघांना एकच पत्र लिहून झेरॉक्स काढली आहे. दोन वेगळी लिहिली तर त्यातही कोण पहिला म्हणून भांडाल.

तुमची भाची साडेसात महिन्यांची झाली. रांगते. तिला नाव नाही. दवाखान्यातल्या लोकांनी जन्माच्या वेळी कार्डावर 'बेबी ऑफ मीना' लिहिलं, तेच अजून चाललंय. लस द्यायला गेलं की नर्स ओरडते, "बेबी ऑफ!" की ही लगेच मान वळवते. आता गल्लीत सगळे तिला बेबीऑफच म्हणतात. शेजारीण सकाळी विचारते, "बेबीऑफनं दूध घेतलं का गं?" मला कसं वाटत असेल, तुम्हाला काही आहे का?

मी यांना म्हटलं, बाजारातून पाळणा आणू, गुपचूप नाव ठेवू. हे म्हणाले, "तुझ्या भावाच्या पाटावरून मी एकदा पडलोय, आता आईंच्या शब्दावरून पडायचं नाही." आई फोनवर ऐकत नाही. म्हणजे तिला ऐकूही येत नाही आणि ती ऐकतही नाही.

नवा दोरा पाठवते. सव्वादोन फूट भरला. दोघांनी काय ते एकदाच नीट करा.

मीना


शहागड
३ नोव्हेंबर २०२३

ती. दादा,

दिवाळी जवळ आली. आईला साडी पाठवली हाय, तुम्हाला काही पाठवलं न्हाई, गैरसमज नसावा.

गेल्या सव्वा वर्षात दांडा अकरा वेळा आला अन् गेला. पुंजाराम आता त्याचं तिकीट मागून राह्यलाय. मागच्या खेपेला तुम्ही म्हणलात सैल, म्हणून मी कुशीवर पट्टी चिकटवली. तेवढ्यात तुमच्या खाचेतली सजावट जाड झाली. मंग घट्ट म्हणलात, मी पट्टी काढली. तुम्ही पण सजावट काढली. मंग परत सैल. माणसानं चूक केली तर कळवावं. गपचूप सुधारली की दुसऱ्याची चूक व्हती.

मीना दर चार-सहा महिन्यांनी दोरा पाठवती. दर दोऱ्याला मी वीतभर वाढवतो, वाढतं अंग हाय म्हणून. झोका आता साडेपाच फूट झालाय. दुकानाच्या शटरमधून आडवा निघत न्हाई. दुपारी ड्रायव्हर लोक त्यात झोपतात. परवा एक तमिळ ड्रायव्हर त्यात असा झोपला की त्याचा माल पुण्यात दोन दिवस उशिरा पोचला. उठल्यावर मला हात जोडून गेला. म्हणजे झोका चांगला झालाय, दोष तुमच्या खाचेतच हाय.

दांडा घासून घासून आता वरती नुसता 'का' राह्यलाय.

आदिनाथ


धावडा
१४ जानेवारी २०२४

चि. आदिनाथ,

तिळगूळ पाठवतो. गोड बोलायचं म्हणत न्हाई, कारण बोलायचंच न्हाई.

तू झोका वाढवला तसे मी पाय वाढवले. आता ते दारातून आत येत न्हाईत. अंगणात उभे हायेत. गावातली माणसं विचारतात, मंदिराची कमान करून राह्यले का? एकानं तर पाया पडून नारळ ठेवला. मी उचलला न्हाई, वाईट दिसतं.

परवा चार तारखेला मीनाच्या पोरीचा दुसरा वाढदिवस झाला. केकवर काय लिहू म्हणून बेकरीवाल्यानं विचारलं. दाजींनी मला फोन केला. मला काही सुचंना. शेवटी त्यानं 'हॅपी बर्थडे मीनाची' लिहिलं. तुला राग आला तर येऊ दे, पण मी गोठ्यात जाऊन रडलो. माझं वय पन्नास हाय, माझ्याकडं साडेचार हजाराचा राऊटर हाय अन् मला एक खाच सरळ पाडता येत न्हाई. हे तू कुणाला सांगू न्हको. मी पण तुला सांगितलं न्हाई असं समज.

खाच बराबरच हाय.

बद्रीनाथ


नवीन जालना
८ जून २०२५

दादा आणि आदीभाऊ,

ही पण झेरॉक्सच आहे.

बेबीऑफ साडेतीन वर्षांची झाली. नर्सरीत ॲडमिशन घ्यायला गेलो. मॅडमनी विचारलं, "बाळा, तुझं नाव काय?" ही छाती काढून म्हणाली, "मामा करून राह्यले." मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी पाळण्याचं सगळं सांगितलं. त्यांनी पाणी मागवलं, माझ्यासाठी. फॉर्मवर नावाच्या जागी रेघ चालत नाही म्हणाल्या. सोमवारी सोळा तारखेला शाळा सुरू होते, तोपर्यंत नाव आलं तर जागा, नाहीतर वर्ष गेलं.

तिला शाळेची लई हौस आहे. दप्तर पाठीला लावून झोपते. दप्तरावर नावाची चिठ्ठी चिकटवायची जागा आहे, तिथं बोट ठेवून रोज विचारते, "आज बसली का कूस?"

शनिवारी चौदा तारखेला दोघांनी आपापलं सामान घेऊन माझ्या घरी यायचं. एकमेकांशी बोलू नका, तोंडं बघू नका, मला फरक पडत नाही. पण आला नाहीत तर मी तिला स्वतः नाव ठेवीन आणि माहेर कायमचं तोडीन.

मीना


(शनिवार, १४ जून २०२५, नवीन जालना. मीनाच्या अंगणात, पाच पावलांच्या अंतरावरून. चिठ्ठ्या इकडून तिकडं मीनानं नेल्या.)

सकाळी ११.१०
ती. दादा, पाया पडतो. कूस घालतो, पाय घट्ट धरा.
आदिनाथ

११.१४
चि. आदिनाथ, आशीर्वाद. पाय धरलाय. तू ढकल. एवढ्या जोरात न्हाई.
बद्रीनाथ

११.२०
ती. दादा, आत जात न्हाई. खाचेत पट्टी कोणी लावली?
आ.

११.२३
चि. आदिनाथ, सजावट हाय, पहिल्याच वर्षी कळवलं होतं. तुझ्या कुशीवर पट्टी कुठून आली?
ब.

११.२५
ती पण सजावट हाय.

११.३१
चि. आदिनाथ, मी माझी पट्टी काढतो. तू तुझी काढू न्हको.

११.३३
ती. दादा, मी माझी काढली. तुमची चिठ्ठी आत्ता हातात पडली. मीना लई हळू चालती.


नवीन जालना
१५ जून २०२५

ती. आई,

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून सगळं लिहून पाठवते. कौसल्या वहिनी, हे तिला मोठ्यानं आणि सगळं वाचून दाखवा. मधलं गाळू नका.

आई, काल तुझे दोन्ही लेक आले. पाळणा एवढा आहे की अंगणात तोच मावतो, माणसं गच्चीवर. दुपारपर्यंत मी चिठ्ठ्या नेल्या-आणल्या, पायाचे तुकडे पडले. चारच्या सुमाराला आदीभाऊनं दांडा उंच लाकडी घोडीवर ठेवून परत सँडर लावला. दादानं शेजारीच आपल्या खाचेत राऊटर लावला. दोन मशिनींचा असा आवाज की गल्लीतली कुत्री पळाली. भुशानं दोघं पांढरे झाले, कोण कुठला ओळखू येईना. तेवढ्यात दांडा घोडीवरून घसरला. आणि पोरगी खाली उभी, दप्तर लावून, वर बघत.

दोघांनी एकदमच बघितलं. दोघांनी हाक मारायला तोंड उघडलं. आई, दोघांच्या तोंडून काही निघेना. दादा नुसता "अगं... अगं..." करत राहिला, आदीभाऊ "ए... ए..." मशिनीच्या आवाजात तिला काय कळणार? मी दप्तराला धरून ओढली म्हणून वाचली. दांडा दादाच्या पायावर पडला.

आदीभाऊनं मशीन बंद केली. म्हणाला, "दादा, लागलं का तुला?"

चार वर्षांनी बोलला, आई. दादा खालीच बसला. "लागलं," म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला. मला वाटलं पाय मोडला. पण तो म्हणाला, "लेकरू मरत होतं अन् मला हाक मारायला नाव नव्हतं रे. साडेतीन वर्षं मी भोकच कोरत बसलो." आदीभाऊ त्याच्या शेजारी बसला. तो पण रडला. भुशात रडल्यामुळं दोघांची तोंडं बघवत नव्हती.

पायाला सूज आहे, हाड शाबूत आहे. वहिनी, घाबरू नका.

मग दोघांनी मिळून दांडा चढवला. बसला, पण सैल. सूतभर फट राहिली. मी म्हटलं, अरे, लाकडाची पाचर ठोका की त्या फटीत! मला सुतारकाम येत नाही, मलाही कळतंय. मग आदीभाऊ म्हणाला, "पाचर पहिल्याच दिवशी मारता आली असती. पण पाचर मारली म्हणजे काम चुकलं, हे लोकांना दिसतं." दादा मान हलवत होता. म्हणजे दोघांना माहीत होतं, आई! मी तिथंच हातातलं लाटणं फेकलं. कुणाला लागलं नाही.

संध्याकाळी गिरिजा वन्संना बोलावलं. नाव आत्यानंच ठेवायचं, ते तर कुणी मोडणार नाही. वन्सं नटून आल्या, पोरीला झोक्यात बसवलं, पाय सरळ सोडले तरी दोन हात जागा उरली. वन्सं तिच्या कानाशी वाकल्या, "कुर्रर्र" केलं. आणि थांबल्या. परत "कुर्रर्र" केलं. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "वहिनी, मी नाव विसरले."

साडेतीन वर्षं झाली ना आई, त्यांचा तरी काय दोष? "लई छान होतं," म्हणाल्या. "विसरू नये म्हणून कुणाच्या तरी कानात सांगून ठेवल्तं, एवढं आठवतं. कुणाच्या ते आठवत नाही." सगळे एकमेकांकडं बघायला लागले. तुझे जावई तर शेजारणीलासुद्धा विचारून आले.

तेवढ्यात झोक्यातून पोरीनं शाळेत करतात तसा हात वर केला. "माझ्या कानात सांगितलं," म्हणाली. "मागच्या दिवाळीला. आत्या म्हणली, मामांचा पाळणा झाला की सांग. तवर कुणालाच सांगायचं न्हाई. आईला पण न्हाई."

आई, मी तिची आई. आठ महिने माझ्या शेजारी झोपते आणि मला सांगितलं नाही.

मी म्हटलं, सांग आता. तर तिनं मान हलवली. वर दांड्याकडं बघितलं, मग मामांकडं. "झाला का पाळणा?"

दोघं त्या फटीकडं बघायला लागले. दादाच्या हातात राऊटर होताच. मी देवाचं नाव घेतलं. दादा म्हणाला, "खाच मी मोठी केली. सूतभर. मीच." आदीभाऊ म्हणाला, "न्हाई दादा, कूस मी जास्त घासली." दादा म्हणाला, "अरे, खाच माझी!" आदीभाऊ म्हणाला, "मंग कूस काय पुंजारामची हाय?" आणि चुकी कुणाची यावर दोघांचं परत जुंपलं. प्रत्येक जण आपलीच म्हणत होता.

पोरगी म्हणाली, "झाला का न्हाई?"

आदीभाऊनं फळीचा तुकडा तासून पाचर केली, दादानं खाचेवर धरली, आदीभाऊनं हातोडीनं चार ठोके मारले. जमलेल्या सगळ्या माणसांना दिसेल अशी, बाहेर बोटभर उरलेली. दोघांनी दांड्याला लटकून बघितलं. मग दोघं एकदम म्हणाले, "झाला."

तिनं झोक्यात उठून उभं राहून सांगितलं. मोठ्यानं नाही, कानात सांगतात तेवढ्याच आवाजात, म्हणून सगळ्यांना जवळ यावं लागलं.

तुझ्या नातीचं नाव राजनंदिनी आहे, आई. दादानं दप्तरावर चिठ्ठी लिहिली आणि आदीभाऊनं चिकटवली.

मीना